जप्ती एकावर, माल दुसऱ्याचा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतलं एखादं लहान वर्कशॉप डोळ्यांसमोर आणा. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या शेड आजूबाजूला उभ्या राहत गेल्या. त्यांतलीच ही एक. दारावरची पाटी मालकाची आहे, पण आत मालकाचं असं काय आहे? शेड भाड्याची. व्हीएमसी मशीन बँकेच्या कर्जातून घेतलेलं, त्यावर बँकेचा बोजा. प्रेसवर चढवलेल्या डाय ऑर्डर देणाऱ्या कंपनीच्या. भिंतीलगतच्या पोलादी सळया जॉब वर्कसाठी चलनावर आलेल्या. कापून, भोकं पाडून परत पाठवायच्या. कॉम्प्रेसर भाड्यानं आणलेला. केबिनमधला एसी धाकट्या भावानं स्वतःच्या पगारातून बसवून दिलेला. निखळ मालकाचं म्हणावं तर एक जुना लेथ, टेबल-खुर्च्या आणि भंगाराचा ढीग.

या मालकानं उधारीवर टूल्स घेतली, पैसे थकवले, पुरवठादारानं दिवाणी दावा लावला आणि अदालत रोडवरच्या कोर्टानं नऊ लाखांचा हुकूमनामा दिला असं समजू. पैसे आले नाहीत म्हणून पुरवठादारानं दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज, दाखल केली, भत्ता भरला, जप्तीचं वॉरंट निघालं. एके सकाळी बेलीफ, दोन पंच आणि दरखास्तदाराचा माणूस शेडमध्ये उभे राहतात. तो माणूस बोट दाखवतो, बेलीफ लिहीत जातो: मशीन एक, डाय सहा, सळया इतके किलो, कॉम्प्रेसर एक, एसी एक. संध्याकाळपर्यंत बँकेचा शाखाधिकारी, कंपनीचा परचेसवाला, कॉम्प्रेसर भाड्यानं देणारा आणि धाकटा भाऊ या चौघांनाही कळतं, की ज्या दाव्यात आपलं नावसुद्धा नव्हतं त्याच्या निकालात आपली वस्तू अडकली.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं कुणी म्हणेल. पण बेलिफाला दोष देण्यात अर्थ नाही. वस्तू कोणाची हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाहीच. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१, नियम ४३ त्याला एवढंच सांगतो, की ऋणकोच्या ताब्यात असलेली जंगम मालमत्ता प्रत्यक्ष उचलून ताब्यात घ्यायची आणि नीट सांभाळायची. ताबा ऋणकोचा दिसला की त्याचं काम सुरू होतं. समोर कुणी कागद नाचवत ‘हे माझं आहे’ म्हणालं तर त्यानं ते अहवालात नोंदवावं. मालकीचा निवाडा तो पंचनाम्यात करू शकत नाही आणि त्यानं करूही नये. तो करायला लागला तर प्रत्येक जप्तीत बेलीफच न्यायाधीश होऊन बसेल, आणि ते किती महागात पडेल याची कल्पना वाचकांना असेलच.

हीच वस्तू ऋणकोच्या नव्हे तर तिसऱ्याच्याच ताब्यात असेल, तर मात्र गोष्ट बदलते. ऋणकोची म्हणून सांगितलेली मोटारसायकल मेहुण्याच्या दारात उभी आहे. बेलिफाला ती तिथून ओढून नेता येत नाही. नियम ४६ प्रमाणे कोर्ट मनाई हुकूम काढतं: मेहुण्यानं ती गाडी ऋणकोला देऊ नये. गाडी जागेवर राहते. पुष्कळ लोकांना हा फरक ठाऊक नसतो आणि घरात शिरलेल्या माणसांना घाबरून ते किल्ल्या काढून देतात.

वस्तू जप्त झाली की तिऱ्हाईतासाठी उघडं असलेलं दार म्हणजे नियम ५८. जप्त केलेली मालमत्ता या जप्तीला पात्र नाही, असा अर्ज कुणीही हितसंबंधी माणूस दरखास्त चालवणाऱ्या कोर्टातच देऊ शकतो. वकिलांच्या बोलण्यात हा हरकत अर्ज आणि तो देणारा हरकतदार. कोर्टानं तो अर्ज नुसता वाचून बाजूला ठेवायचा नाही; पुरावा घेऊन निकाल द्यायचा. निकालही ‘सोडा’ किंवा ‘ठेवा’ एवढ्या दोनच तऱ्हांचा नसतो. जप्ती पूर्ण उठवता येते, काही भागापुरती उठवता येते, हरकत फेटाळता येते किंवा तिसऱ्याचा बोजा कायम ठेवून जप्ती चालू ठेवता येते.

वाळूजच्या शेडमध्ये या तऱ्हा एकेक करून दिसतात. डायवर ऑर्डर देणाऱ्या कंपनीचं नाव आणि क्रमांक कोरलेला असतो, कंपनीच्या हिशेबात ती तिची मालमत्ता म्हणून दाखवलेली असते, वर्कशॉपशी झालेल्या करारात तसं कलम असतं, ती सुटते. सळयांचं डिलिव्हरी चलन जीएसटीच्या नोंदींशी जुळलं तर त्याही सुटतात, कारण जॉब वर्कला माल दिला म्हणजे विकला नव्हे. कॉम्प्रेसरचा भाडेकरार आणि दरमहा बँकेतून गेलेलं भाडं दाखवता आलं तर तोही जातो. मशीनचं तसं नाही. ते वर्कशॉपवाल्याचंच आहे, फक्त बँकेकडे तारण आहे. त्यामुळे बँकेला ‘मशीन आमचं’ म्हणता येत नाही. ‘आधी आमचं देणं’ एवढंच म्हणता येतं. कोर्ट बोजा मान्य करून जप्ती ठेवू शकतं. मग मशीनच्या किमतीतून बँकेचं भागवून उरलं तर पुरवठादाराचं. कर्ज नवं असेल तर बहुधा काही उरत नाही, आणि पुरवठादाराचा वकील ते पाहून स्वतःच मशीनचा नाद सोडतो.

एसीचं काय? इथे खरी पंचाईत सुरू होते. भावानं पैसे दिले हे खरं असेल, पण बिल वर्कशॉपच्या नावावर आहे, कारण जीएसटीची वजावट मिळवायची होती. ताळेबंदात तो एसी वर्कशॉपची मालमत्ता म्हणून आलेला, त्यावर दरवर्षी घसाराही घेतलेला. आता जप्ती आल्यावर भाऊ म्हणतो माझा. कर वाचवताना एकाचा आणि जप्तीच्या वेळी दुसऱ्याचा, असं कोर्ट सहसा चालू देत नाही. तयार मालाचा प्रश्न याहून अवघड. भाग तयार आहेत, बिल झालं आहे, पण टेम्पो लागायचा आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे ठरावीक, तयार माल बिनशर्त विकला असेल तर पोचण्याआधीच मालकी गिऱ्हाइकाकडे जाऊ शकते. पण तपासणीत पास झाल्याशिवाय माल घेणार नाही अशी अट असेल तर तो अजून वर्कशॉपचाच. निकाल पर्चेस ऑर्डरच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांवर लागतो.

कारखान्यापेक्षा घरातली जप्ती कागदाच्या दृष्टीनं अधिक पोकळ असते. घरात फ्रिज कुणाचा, दिवाण कुणाचा, सोनं कुणाचं हे आपण लिहून ठेवत नाही. ठेवलं तर नातेवाईक वेड्यात काढतील. कायद्यानं मुळातच काही वस्तूंना हात लावायला बंदी केली आहे. कलम ६० प्रमाणे ऋणको, त्याची बायको आणि मुलं यांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. धार्मिक रूढीनुसार बाईनं अंगावरून उतरवू नये असे दागिने, म्हणजे मंगळसूत्रासारखे, तेही नाहीत. कलम ६२ सांगतं की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात जप्तीसाठी शिरायचं नाही. घर ऋणकोच्या ताब्यात असेल आणि तो आत येऊ देत नसेल, तेव्हाच बाहेरचं दार फोडता येतं. या सवलती ऋणकोच्या आहेत. बायकोची हरकत त्याहून वेगळी: ती सूट मागत नाही, मालकी सांगते. आंदण आलेलं कपाट, माहेरचे दागिने, तिच्या पगारातून घेतलेली वॉशिंग मशीन ही तिची आहेत. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सासरी नांदायला गेल्यानं स्त्रीधन नवऱ्याच्या मालकीचं किंवा दोघांच्या सामाईक मालकीचं होत नाही. तत्त्व चोख आहे. अडचण एवढीच, की लग्नातल्या वस्तूंच्या पावत्या वडिलांच्या किंवा मामाच्या नावावर असतात आणि त्या दुकानदारानं शाईऐवजी उष्णतेनं अक्षरं उमटणाऱ्या कागदावर छापलेल्या असतात. पाच वर्षांत कागद कोरा.

पैठणच्या विणकराकडे जा, म्हणजे सूट आणि हरकत या दोन गोष्टी एकाच मागावर दिसतील. माग हे कारागिराचं हत्यार, त्यामुळे कलम ६० खाली तो सुटतो आणि ती मागणी विणकर स्वतःच करू शकतो. पण मागावर चढलेलं रेशीम आणि जरतार व्यापाऱ्यानं दिलेली असेल आणि विणकराला फक्त मजुरी मिळत असेल, तर अर्धी विणलेली पैठणी व्यापाऱ्याची. तिच्यासाठी यायचं तर व्यापाऱ्यानंच यायला हवं. विणकराच्या अर्जात ती मागणी बसत नाही. व्यापारी अनेकदा येत नाही, कारण मग त्याला आपली वही कोर्टात दाखवावी लागते.

शेतातही तेच. नांगर, गरजेपुरती जनावरं, बियाणं यांना संरक्षण आहे, पण उभं पीक जप्त करता येतं. नियम ४४ प्रमाणे हुकुमाची प्रत शेतात आणि ऋणकोच्या घरावर चिकटवली की झालं. कन्नड-सिल्लोडकडे मक्याचं किंवा कपाशीचं उभं शेत बटईनं दिलेलं असेल, तर निम्मं पीक बटईदाराचं. बटई बहुतेक तोंडीच ठरते. सातबाऱ्यावर पीक पेऱ्यात नाव मूळ मालकाचंच. बटईदाराला मग बियाण्याच्या दुकानाची पावती, खताचं बिल, शेजारच्या बांधावरच्या माणसाची साक्ष, जे मिळेल ते गोळा करावं लागतं. नाशवंत माल असेल तर एवढीही उसंत नाही. लवकर कुजणारी किंवा सांभाळायचा खर्च किमतीपेक्षा जास्त होईल अशी वस्तू बेलीफ ताबडतोब विकू शकतो.

वस्तू उचलून नेणं अवघड असेल, जनावरं किंवा शेतीची अवजारं असतील, तर नियम ४३-अ उपयोगी पडतो. ऋणकोच्या, दरखास्तदाराच्या किंवा त्या वस्तूत आपलं हित आहे असं सांगणाऱ्या तिसऱ्याच्याही विनंतीवरून ती गावातल्याच एखाद्या प्रतिष्ठित माणसाच्या ताब्यात सुपूर्दनाम्यावर ठेवता येते. हरकतदारानं पहिल्याच दिवशी एवढं जरी मागितलं, तरी त्याची म्हैस किंवा मळणीयंत्र कोर्टाच्या आवारात उन्हात पडून राहत नाही.

हा सगळा निवाडा जप्तीच्याच कोर्टात व्हावा, ही तुलनेनं अलीकडची व्यवस्था आहे. १८५९ च्या पहिल्या दिवाणी संहितेत कलम २४६ खाली हरकतीची वरवरची चौकशी होई, आणि हरलेल्यानं वर्षाच्या आत स्वतंत्र दावा लावायचा. १९०८ च्या संहितेनंही तोच साचा ठेवला. चौकशीत भर होता तो जप्तीच्या दिवशी ताबा कोणाचा यावर. खरी मालकी पुढच्या दाव्यात. परिणाम असा, की एकदा जिंकलेल्या धनकोला त्याच वस्तूसाठी पुन्हा खालपासून वरपर्यंत भांडावं लागे. भारतात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हातात पडल्यावर सुरू होतात, अशी टिप्पणी प्रिव्ही कौन्सिलनं १८७२ मध्येच दरभंगा राजच्या एका प्रकरणात करून ठेवली होती. १९७६ च्या दुरुस्तीनं, जी १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू झाली, तो स्वतंत्र दावा काढून टाकला. आता हक्क, मालकी, हितसंबंध असे सगळे प्रश्न दरखास्तीतच ठरतात आणि तो आदेश हुकूमनाम्याइतकाच वजनदार. त्यावर थेट अपील.

मराठवाड्याची वाट यात थोडी वेगळी. निजामाच्या राज्यात इथल्या अदालती उर्दूतून आणि हैदराबादच्या स्वतःच्या दिवाणी संहितेनुसार चालत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं तरी १९०८ ची संहिता इथे लागू झाली ती १ एप्रिल १९५१ ला. आदेशाविरुद्ध वर जायचं तर कधी हैदराबाद, १९५६ नंतर मुंबई. आणि मराठवाड्यातल्या हरकतदाराला शहरातच उच्च न्यायालय मिळालं ते ऑगस्ट १९८१ मध्ये खंडपीठ बसल्यावर. त्या खंडपीठालाही आव्हान मिळालं होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये ते वैध ठरवलं. पाच-पंचवीस हजारांच्या मालासाठी मुंबईची वारी कोण करणार होतं? खंडपीठ नव्हतं तेव्हा किती हरकती अपिलाविना सोडून दिल्या गेल्या असतील, याची मोजदाद कुठल्याही नोंदवहीत सापडायची नाही.

१९७६ च्या दुरुस्तीनं एक भांडण वाचवलं हे खरं, पण मला वाटतं तिनं दुसरं एक आत आणून बसवलं. दरखास्त ही वसुलीची जागा होती. आता ती पुन्हा साक्षी, उलटतपास, कागदांची निशाणी असा पूर्ण दाव्याचा आखाडा झाली. आणि ज्याला वेळ काढायचा आहे त्याला याहून सोयीचं काय? ऋणको स्वतः हरला तरी त्याची बायको आहे, भाऊ आहे, साडू आहे, एखादा विश्वासू नोकरही आहे. प्रत्येकाची हरकत वेगळी, प्रत्येकीचा निकाल वेगळा, प्रत्येकीवर अपील. खरा हरकतदार आणि उभा केलेला हरकतदार बाहेरून सारखेच दिसतात. दोघेही हात जोडून सांगतात की आमचा या भांडणाशी संबंध नाही.

त्यांना वेगळं काढायला कोर्टाकडे काही जुनी, खात्रीची साधनं आहेत. पहिलं म्हणजे सिद्ध करण्याचा भार: वस्तू ज्याच्या ताब्यात सापडली त्याची ती धरली जाते, नाही म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं. दुसरं म्हणजे तारीख. हुकूमनाम्याच्या आगेमागे झालेली विक्री, बक्षीसपत्र किंवा ‘घरगुती वाटणी’ दिसली की न्यायाधीशांच्या भुवया वर जातात. बाँडवर मजकूर जुन्या तारखेचा घातला, तरी मागच्या बाजूला मुद्रांक विक्रेत्याची तारीख आणि क्रमांक असतो आणि त्याच्या रजिस्टरमध्ये नोंद असते. मजकुरावर तारीख २०२२ ची आणि कागद पाचशेचा, असंही होऊ शकतं; महाराष्ट्रात शंभराऐवजी पाचशेचा मुद्रांक सर्रास लागायला लागला तो ऑक्टोबर २०२४ पासून. तिसरं, पैसा कोणत्या खात्यातून गेला. रोखीनं घेतल्याचं सांगणाऱ्याला विमा कुणाच्या नावावर, दुरुस्तीचं बिल कुणी भरलं, आयकर विवरणात काय दाखवलं हे विचारलं जातं. वाहनाचं तर आरसीवर लिहिलेलंच असतं, फायनान्स कंपनीच्या बोजाच्या नोंदीसकट. आणि जप्ती झाल्यानंतर ऋणकोनं वस्तू खासगीत विकली तर कलम ६४ प्रमाणे जप्तीच्या दाव्यांपुरता तो व्यवहार निरर्थक. २००२ पासून त्याला एक अपवाद जोडला आहे: जप्तीपूर्वी नोंदणी झालेल्या कराराच्या पूर्ततेसाठी नंतर केलेलं हस्तांतरण टिकतं.

माणूस आणि संस्था यांची गल्लतही हरकतीतूनच सुटते. हुकूमनामा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीवर असेल तर सिडकोतल्या संचालकाच्या बंगल्यातला टीव्ही सुटतो. कंपनी वेगळी व्यक्ती आणि संचालक वेगळी. पण ‘अमुक एंटरप्रायजेस’ ही एकट्याची पेढी असेल तर नाव आणि माणूस एकच. तिथे दुकानाचा माल आणि घरची गाडी दोन्ही जातात. भागीदारीत एका भागीदारानं मुलीच्या लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी पेढीचा माल जप्त करता येत नाही, असं नियम ४९ सांगतो. फार तर त्याच्या नफ्याच्या वाट्यावर बोजा चढतो. बाकीच्या भागीदारांनी मात्र ते सांगायला उठून यायला हवं.

सरकारी जप्तीत हीच गल्लत वेगळ्या रूपात दिसते. जमीन संपादनाचा वाढीव मोबदला थकला म्हणून बेलीफ जिल्हाधिकारी कार्यालयात खुर्च्या, संगणक, गाडी जप्त करायला गेल्याच्या बातम्या मराठवाड्यात नव्या नाहीत. सरकारवरचा हुकूमनामा तीन महिने न भागता राहिल्याशिवाय अशी कारवाई करता येत नाही, असं कलम ८२ आहे. तरीही वेळ तिथवर येतेच. मग एखादा अधिकारी म्हणतो, देणं पाटबंधारेचं आणि गाडी महसूलची. ही हरकत टिकत नाही: दोन्ही खाती म्हणजे एकच राज्य शासन. पण गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ, जे १९९८ च्या कायद्यानं झालं, किंवा जिल्हा परिषद या कायद्यानं स्वतंत्र व्यक्ती. हुकूमनामा नेमका कुणावर आहे हे तिथे शब्दाशब्दानं वाचावं लागतं.

वेळेबद्दल कायदा निर्दय आहे. हरकत दाखल होण्यापूर्वी वस्तू विकली गेली असेल तर नियम ५८ चं दार बंद. हरकत मुद्दाम किंवा विनाकारण उशिरा आणली असं कोर्टाला वाटलं तरी बंद. अशा नाकारलेल्या हरकतदारालाच फक्त आज जुन्या पद्धतीचा स्वतंत्र दावा उरतो. जंगम मालाचा जाहीरनामा लागल्यापासून लिलावापर्यंतचं किमान अंतर सात दिवसांचं, स्थावराचं पंधरा. १९७६ पूर्वी हे जवळपास दुप्पट होतं. सात दिवसांत बातमी कळायची, वकील गाठायचा, कागद शोधायचे, शपथपत्र करायचं. म्हणून अर्जासोबतच नियम ५९ खाली लिलाव पुढे ढकलण्याची विनंती लागते. कोर्ट ती मान्य करताना जामीन किंवा रक्कम भरण्याची अट घालू शकतं. एकदा हातोडा पडला की लिलावातल्या बारीकसारीक चुकीनं जंगम मालाची विक्री रद्द होत नाही. नुकसान झालेल्यानं भरपाईचा दावा करावा, असं नियम ७८ म्हणतो. वस्तू गेली, तिच्या पैशासाठी नवं भांडण.

जंगम सोडून जमिनीकडे वळलं, तर या शहरातलं सर्वांत दुखरं प्रकरण गुंठेवारीचं, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटचं. पुंडलिकनगर, सातारा-देवळाई अशा वस्त्यांमध्ये हजारो घरं बाँडवर घेतलेल्या प्लॉटवर उभी आहेत. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि त्याची २०२१ ची दुरुस्ती त्यांच्यासाठीच. सातबाऱ्यावर मात्र कित्येकदा मूळ शेतकऱ्याचंच नाव. त्याच्या धनकोनं जमीन जप्त केली की वीस वर्षं वीजबिल भरणारा प्लॉटधारक हरकत घेऊन येतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये म्हटलं आहे की जप्तीपूर्वीच्या करारातून आलेलं बंधन जप्तीलाही सोसावं लागतं, आणि हमदा अम्मल निकालात, जप्तीपूर्वी केलेलं खरेदीखत नोंदणी नंतर झाली तरी जप्तीवर मात करतं. दोन्हीकडे शेवटी नोंदणीकृत खरेदीखत होतं. ज्याच्याकडे नुसता नोटरी बाँड आहे त्याला २०११ चा सुरज लॅम्प निकाल आडवा येतो: अशा कागदानं मालकी जातच नाही. या लोकांनी पूर्ण किंमत मोजलेली असते, आणि तरीही त्यांची हरकत सर्वांत कमजोर. मला यात कायद्याचा कोरडेपणा दिसतो, पण बनावट बाँडचा सुळसुळाट पाहिला की कोर्टाचा हात का आखडतो तेही कळतं.

सहकारी पतसंस्था आणि बँकांची वसुली कोर्टाऐवजी वसुली अधिकाऱ्याकडून होते. तिथेही १९६१ च्या सहकार नियमांतला १०७ वा नियम हरकतीची सोय ठेवतो. फेटाळली गेली तर सहा महिन्यांत दावा. म्हणजे सहकारात अजून १९०८ चाच काळ चालू आहे. ठेवीदारांच्या हितासाठीचा १९९९ चा एमपीआयडी कायदा वेगळा. तिथे जप्ती शासन करतं, विशेष न्यायालय ती कायम करण्याआधी हितसंबंधी लोकांना नोटीस काढून त्यांचं म्हणणं ऐकतं.

या सगळ्याचा साचलेला परिणाम आकड्यांत दिसतो. तामिळनाडूतला एक जुना दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकूनही, आपण कूळ आहोत असं सांगत आलेल्या तिऱ्हाइतांच्या हरकतीत अडकून पडला होता. पेरियम्माल या नावानं ओळखला जाणारा त्याचा निकाल मार्च २०२५ मध्ये लागला, तेव्हा न्यायालयानं देशभरातल्या दरखास्तींची माहिती मागवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आकडा समोर आला: सुमारे ८ लाख ८२ हजार दरखास्ती प्रलंबित. त्यांपैकी ३ लाख ४० हजारांहून अधिक एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या कोर्टांमध्ये. त्याआधी एप्रिल २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितलं होतं. तिऱ्हाइताच्या अर्जावर यांत्रिकपणे नोटीस काढू नये, मालमत्तेत आणखी कुणाचं हित आहे का हे पक्षकारांना दाव्याच्या सुरुवातीलाच विचारावं आणि खोट्या हरकतीवर कलम ३५-अ खाली भरपाईचा खर्च लादावा, असंही त्यात होतं.

या शेवटच्या उपायाची धार मात्र बोथट आहे. कलम ३५-अ दरखास्तीलाही लागू होतं, पण त्याखाली बसवता येणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा आहे ३,००० रुपये, आणि ती १९७६ पासून तशीच आहे. २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्यानं व्यापारी वादांपुरती ही मर्यादा काढून टाकली. २०१८ पासून तीन लाखांवरचे व्यापारी वाद त्यात येतात. बाकीच्या दरखास्तींमध्ये साडूच्या नावानं खोटी हरकत घेऊन दोन वर्षं काढण्याचा जास्तीत जास्त दंड आजही वकिलाच्या एका तारखेच्या फीइतकाच आहे.